चकत्यांचं की दांड्याचं

“वहिनी, आधी बसा. उभ्याउभ्या लोखंड समजत नाही,” असे म्हणत अब्बास मिस्त्रींनी ऑइलचा रिकामा डबा पालथा घातला आणि माझ्यापुढे सरकवला.

मी बसले नाही. त्या श्रावणात मला कुठेच बसवत नव्हते. आमच्या गणपतीच्या कारखान्यात सोंडेला हात लावावा, तो अर्धवट सोडून उठावे, दारात जावे, आभाळ पाहावे, पुन्हा येऊन त्याच सोंडेपुढे बसावे, असे दिवस चालले होते. गॅरेजमध्येही मी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होते. मध्ये आमची जुनी पिकअप मागून उचलून ठेवली होती, आणि तिच्याखाली, पदर कमरेला खोचून, भर हमरस्त्यावरच्या लोकांना दिसेल अशा रीतीने माझी सून वाकली होती.

“कुंदा, बाहेर ये,” मी म्हणाले. “मिस्त्री सांगतील ते इथूनही ऐकू येईल.”

“ऐकू येईल, आई. दिसणार नाही,” ती आतूनच म्हणाली.

कुंदाचे वडील खाणीवर ट्रक चालवत. लग्न होऊन आली तेव्हा तिला मोदकाची कळी धड पाडता येत नव्हती, पण गाडी मात्र येत होती. माझ्या यजमानांना त्याचे भारी कौतुक. शेवटच्या आजारपणात त्यांनी उशाखालची पिकअपची किल्ली काढली आणि ती माझ्या हातात न देता तिच्या हातात दिली. अनंतने, म्हणजे माझ्या मुलाने, कधी चाकाला हात लावला नव्हता. त्याची बोटे मातीची. म्हणून दिली, असे सगळ्यांनी मानले. मीही तसेच म्हणत असे. चार वर्षे ती किल्ली कुंदाच्या कमरेला होती.

अब्बासभाई मागच्या आसाच्या मधोमध असलेल्या फुगीर डब्यावर पान्याने टकटक करत म्हणाले, “हा डिफरन्शियल. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी. दोघांची समजूत घालायला हा बसवलेला. पण ह्याला एक खोड आहे. ज्या चाकाला फुकट फिरायला मिळतं, त्यालाच हा सगळा जोर देतो. चिखलातलं चाक गरगर फिरतं, आणि कोरड्यावरचं, बिचारं काम करायला तयार असलेलं, ते गप्प उभं.”

“आमच्या कारखान्यात आहेत तसे दोघं-तिघं,” मी म्हणाले.

कुंदा गाडीखाली हसली. मला ते आवडले, आणि आवडले म्हणून मी लगेच विचारले, “उपाय सांगा. वेळ नाही.”

वेळ खरोखरच नव्हता. उंबरटेक ही डोंगरावरची तेवीस घरांची वाडी. माझ्या सासऱ्यांच्या काळापासून तिथले प्रत्येक घर आपला लाकडी पाट आमच्याकडे पाठवी, आणि त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडे. शाडूची माती थेट पाटावर चढवायची, पाटासकट वाळवायची, पाटासकट घरी न्यायची. विसर्जनानंतर पाट धुऊन माळ्यावर ठेवायचा तो पुढच्या नागपंचमीपर्यंत. प्रत्येक पाटाच्या बुडाशी तापल्या सळईने काढलेली त्या घराची खूण असे. मी ती डोळे मिटून बोटाने ओळखत असे. पूर्वी वाडीची तरुण माणसे येऊन डोक्यावरून मूर्ती नेत. पुढे ती मुंबईच्या नोकऱ्यांत गेली, ऐन चतुर्थीच्या सकाळी घरी पोहोचू लागली, आणि वर उरली म्हातारी माणसे व बायका. तेव्हापासून मूर्ती वर पोहोचवणे आमच्याकडे आले.

आदल्या वर्षी कातळवळणावर गाडी अडकली. एक चाक फिरत राहिले, गाडी तसूभर हलली नाही. पावसात मूर्ती उतरवून हातोहात नेताना तीन भंगल्या. तीन घरांनी त्या वर्षी पाटावर सुपारी मांडून पूजा केली. यंदा पाट घेऊन वाडीचे धाकू शेलार स्वतः खाली आले होते. माणूस माझ्याहून वडील, कधी आवाज चढवून न बोलणारा.

“बाय, पाट आणलेत,” ते म्हणाले होते. “पर घरोघरी इचार झालाय. औंदा एक जरी मूर्ती भंगली तर पुढल्या साली पाट दुसरीकडं जातील. मला पुन्हा बोलायला लावू नगा.”

त्यांच्या पाठीमागे ओसरीवर तेवीस पाट रचलेले होते. माझ्या सासूबाईंच्या हाताची माती ज्या पाटांच्या शिरांत अजून भरलेली होती, ते पाट.

म्हणून मी म्हणाले, उपाय सांगा.

“तीन आहेत,” अब्बासभाईंनी हात पुसले. “पहिला मी करणार नाही. डब्यातली चक्रं वेल्डिंग मारून एक करून टाकायची. दोन्ही चाकं कायमची जखडली. चढावर खुशाल चढेल, पण डांबरी रस्त्यावर वळताना टायर फरफटतील आणि एक दिवस आस मोडेल.”

“दुसरा?”

“चकत्यांचं डिफरन्शियल. आत चकत्या असतात एकीला एक चिकटून. एक चाक उधळायला लागलं की चकत्या त्याला आवरतात आणि दुसऱ्याला ओढून नेतात. धक्का नाही, आवाज नाही. चालवणाऱ्यानं काहीच करायचं नाही. आपलं आपण चालतं.”

“आणि तिसरं दांड्याचं,” कुंदा बाहेर आली. तिच्या गालावर काळ्या ग्रीसचा पट्टा होता. “केबिनमध्ये लिव्हर असतो, आई. ओढला की दोन्ही चाकं एक, सोडला की मोकळी. बाबांच्या खाणीवर होतं. आपल्याला तेच हवं.”

“आपल्याला काय हवं ते अजून ठरायचंय,” मी म्हणाले. “आणि तोंड पूस.”

मी कोणाच्या सांगण्यावरून माती घेत नसे, तर लोखंड कसे घेणार? माती भिजवून, हातावर वळवून, तडकते का ते बघूनच मी पोते उतरवून घेई. तीच कसोटी मी इथे लावली. अब्बासभाईंच्या स्वतःच्या गाडीला चकत्यांचे डिफरन्शियल होते, आणि दांड्याचे होते ते त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेल्या खाणीवरच्या एका पिकअपला. दोन्ही गाड्या मी आमच्या कारखान्याच्या अंगणात मागवल्या. अंगणाच्या एका बाजूला माती भिजवण्याची जागा. तिथे बाराही महिने गुडघाभर चिखल. मी एक जुना पाट घेतला, त्यावर पितळेची परात ठेवली, आणि परात शाडूच्या पातळ रबडीने काठोकाठ भरली.

“ही परात जिच्यात सांडणार नाही, ती गाडी माझी,” मी सगळ्यांसमोर सांगितले. कारागीर कामे टाकून ओसरीवर आले. आमचा सर्वांत जुना कारागीर दत्ताराम याने तर परातीला नमस्कारच केला.

चकत्यांची गाडी डावी चाके चिखलात घालून निघाली. एक चाक क्षणभर घसरले, मग कोणी समजूत काढावी तसे शांत झाले, आणि गाडी बाहेर आली. रबडीवर नुसती सुरकुती उमटली.

“लोण्यावानी,” दत्ताराम म्हणाला.

मग दांड्याची आली. खाणीवरच्या त्या चालकाने चाक गरगरत असतानाच दांडा ओढला. खाडकन आवाज झाला, परात वीतभर उडाली. बाहेर आल्यावर त्याने दांडा न सोडताच वळण घेतले. मागचे टायर उड्या मारत फरफटले आणि उरलीसुरली रबडी पाटावरून अंगणात आली.

“तो चुकला, आई,” कुंदा पुढे झाली. “आधी थांबून मग ओढायचा असतो. आणि वळायच्या आत सोडायचा. मला द्या गाडी, मी दाखवते. थेंब सांडणार नाही.”

“नको.”

“एकदा बघा तरी.”

“बघितलं. चुकलं म्हणतेस ना? म्हणजे त्यात चुकायला जागा आहे. ज्यात चुकायला जागाच नाही, तेच माझ्या गाडीला बसेल.”

‘माझ्या’ या शब्दावर तिचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला आणि तिथेच थांबला. पाटावरची रबडी तिने हाताने निपटून परातीत भरली, आणि परात आत घेऊन गेली.

अब्बासभाई फाटकापाशी माझी वाट पाहत उभे होते.

“वहिनी, एक बोलू? हे अंगण आहे. इथे चारी चाकं जमिनीला आहेत.” त्यांनी पुढे आणखी एक वाक्य सांगितले. मी ते नीट ऐकून घेतले.

“चकत्यांचं बसवा,” मी म्हणाले. “आणि हे कुंदाला सांगायचं कारण नाही.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. माझ्या यजमानांबरोबर चाळीस वर्षे उठबस केलेला माणूस. पण मला उलट उत्तर त्यांनी कधी दिले नव्हते. “बसवतो,” एवढेच म्हणून ते निघाले.

पुढचे पंधरा दिवस मी झोपले किती ते मला सांगता येणार नाही. मूर्ती झाल्या, रंग झाले. डोळ्यांची आखणी मी माझ्या हाताने केली. ते काम आमच्याकडे माझ्याखेरीज कोणी करत नसे. तेवीस मूर्ती, शेहेचाळीस डोळे. एका डोळ्याशी माझा कुंचला तीनदा अडखळला आणि मी उठून अंगणात जाऊन त्या चिखलाकडे पाहत उभी राहिले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पाऊस सरींनी येत होता. पाठीमागे भाताच्या पेंढ्यात, जुन्या लुगड्यांत गुंडाळून बावीस मूर्ती उभ्या केल्या होत्या, वर बांबूच्या कमानींवर ताडपत्री, आणि मध्ये दत्ताराम. तेविसावी मूर्ती, धाकू शेलारांच्या घरची, मी पाटासकट मांडीवर घेऊन पुढे बसले होते. तिला मी कोणाच्या हाती देणार नव्हते.

“ही मागंच ठेवू, आई. चार तास मांडी अवघडेल,” कुंदा म्हणाली होती.

“तू पुढे बघ.”

डांबरी संपले, लाल मातीचा चढ सुरू झाला. पहिल्या ओढ्यापाशी गाडीचे एक चाक चिखलात घसरले, आणि अंगणातल्यासारखेच आपोआप आवरले. दुसऱ्या चढावरही तसेच. मागून दत्ताराम ओरडला, “काकी, लोणी! निव्वळ लोणी!”

“बघितलंस?” मी म्हणाले.

“बघतेय,” कुंदा म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते. दोन्ही हात चाकावर होते आणि डोळे रस्त्यावर. ती माझ्या आनंदात सामील झाली नाही. मला राग आला. आणि त्या रागाखाली दुसरे काही तरी होते, ते चढागणिक वर येत होते. मी मूर्ती एकदा उजवीकडे घेई, एकदा डावीकडे. पाटाच्या बुडाची खूण बोटाने चाचपी.

“आई, हलू नका.”

“मी हलत नाहीये.”

कातळवळण आले. तिथे रस्ता डावीकडे मुरडतो. उजवीकडे काळ्या कातळाची पायरी, डावीकडे पावसाने खाल्लेली खोल चाकोरी, आणि मागे उतरत गेलेला निसरडा उतार, त्याच्या खाली ओहोळ. कुंदाने गाडी हळूच वर घेतली. पुढचे उजवे चाक कातळाच्या कडेवर चढले, मागचे डावे चाकोरीत बसले, गाडी एका अंगाला कलली. क्षणभर सगळे थांबल्यासारखे झाले. मग मागून चाकाच्या रिकाम्या फिरण्याचा तोच आवाज आला, जो मी वर्षभर कानांत बाळगला होता.

“काकी!” दत्ताराम ओरडला. “उजवं चाक अधांतरी हाय! वीतभर वर! नुसतं फिरतंय!”

कुंदाने ब्रेक दाबून धरला. गाडी बोटभर मागे सरकली आणि थांबली. जळक्या तेलाचा वास केबिनमध्ये आला.

“दत्ताराम, चाकाखाली दगड लाव,” मी हुकूम सोडला.

त्याने उतरून दगड लावले. कुंदाने पाय दिला. चाकाने पहिला दगड भिरकावला, दुसरा चाकोरीत गेला. तिसरा दत्तारामच्या नडगीला लागला आणि तो मटकन खाली बसला.

“चढा वर,” कुंदा त्याला म्हणाली. “मूर्ती सांभाळा, दत्तूकाका. दगड नको.”

तेवढ्यात सर आली. ताडपत्रीवर एकदम ताशा वाजू लागला.

“मूर्ती उतरवा,” मी म्हणाले. “डोक्यावरून नेऊ.”

“कोण नेणार? दत्तूकाका लंगडतायत. उरलो तुम्ही आणि मी. तेवीस मूर्ती, आई. शाडूच्या. ह्या पावसात.”

आदल्या वर्षीच्या तीन मूर्ती माझ्या डोळ्यांसमोर आल्या. एकीचा हात दत्तारामच्या हातात राहिला होता. मी हुकूम मागे घेतला. माझ्या आयुष्यात असे फार वेळा झालेले नाही.

कुंदाने एक श्वास घेतला. “आई, मूर्ती डाव्या हातानं कवटाळा. घट्ट. उजवा हात इथे आणा.” तिने डॅशबोर्डखालच्या काळ्या मुठीकडे मान हलवली. “हँडब्रेकची मूठ. मागच्या दोन्ही चाकांना धरते. चाक हवेत असलं की चकत्यांना आवरायला काही मिळत नाही. तेच चाक ब्रेकनं थोडं धरून ठेवलं तर मिळेल, आणि जोर चाकोरीतल्या चाकाला जाईल. माझे दोन्ही हात स्टिअरिंगला लागणार आहेत, कातळ हिसका देईल. मूठ तुम्ही ओढायची. मी सांगेन तेवढीच. एक म्हटलं की एकच खटका. जास्त ओढलीत तर इंजिन बंद पडेल आणि आपण मागं जाऊ.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“अब्बासचाचांनी.”

“कधी?”

“तुम्हाला सांगितलं त्याच दिवशी संध्याकाळी.” ती समोर पाहत होती, काचेवरून पाणी वाहत होते. “चाक उचललं गेलं तर चकत्या कामाच्या नाहीत, कातळवळणावर दांड्याचंच लागेल, असं त्यांनी तुम्हाला फाटकात सांगितलं. मी पंधरा दिवस वाट बघितली, आई. तुम्ही सांगाल म्हणून.”

“मग तू का नाही बोललीस?”

“तुमचं ठरलं होतं,” ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला उत्तर देता आले असते. “हात ठेवा मुठीवर.”

मी हात ठेवला. मूठ थंडगार होती.

“एक.”

मी ओढली. आत कट् असा आवाज झाला. कुंदाने ब्रेकवरचा पाय काढून हळूच वेग दिला. मागचे चाक फिरतच राहिले, पण आवाज बदलला; मघाशी ते मोकाट होते, आता कण्हू लागले.

“अजून एक.”

कट्. गाडी थरथरली. मांडीवरच्या पाटाची थरथर माझ्या हाडांत शिरली. इंजिनाचा आवाज खोल गेला, आता बंद पडेल असा.

“आई, तिसरा नको. तिसरा नको! आहे तिथेच धरा.”

माझा हात ओढत होता. मला कळलेच नाही, तो आपोआप ओढत होता. सगळे काही आणखी घट्ट धरावे, ही त्याची जन्माची सवय. तिचा शब्द आला आणि मी तो जागच्या जागी थांबवला. चाकोरीतले चाक जणू झोपेतून जागे झाले. त्याने माती धरली. गाडी बोटभर पुढे गेली, मग वीतभर. कातळाने स्टिअरिंगला हिसका दिला, कुंदाच्या मनगटाच्या शिरा तटतटून फुगल्या, आणि अधांतरी चाक धपकन नव्हे, अलगद, पाहुण्याने उंबऱ्यावर पाय ठेवावा तसे जमिनीला टेकले.

“सोडा. पूर्ण सोडा.”

मी सोडली. गाडी वळण चढून गेली.

मग मागून दत्तारामचा क्षीण आवाज आला, “बावीस हायत, काकी. बावीसच्या बावीस. पाय माझा एक गेलाय, पर त्ये धरू नगा.”

मी मांडीवरच्या मूर्तीवरचे लुगडे बाजूला केले. दोन्ही डोळे माझ्याकडे रोखून पाहत होते. जसे मी काढले होते तसे.

उंबरटेकावर धाकू शेलारांनी एकेक मूर्ती अंगणात उतरवून घेतली. पाटाची खूण पाहायची, मूर्तीभोवती एक फेरी मारायची, बोटे, सोंड, कान निरखायचे, मग त्या घरच्या म्हातारीला हाक मारायची. तेविसावी मी स्वतः त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती ओसरीवर ठेवली आणि टोपी काढून डोके पुसले.

“ब्येस झालं, बाय,” ते म्हणाले. “नागपंचमीला पाट आणून टाकतो. तुमच्याकडंच.” मग त्यांनी खाली रस्त्याकडे पाहिले. “कातळवळण कसं काय पार क्येलंत? आणली कुनी गाडी वर?”

पलीकडे कुंदा काटकीने मागच्या चाकातला चिखल उकरत होती. तिचा हात थांबला नाही, पण तिने ऐकले होते. अंगणातल्या सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या.

“नवं डिफरन्शियल बसवलंय,” मी म्हणाले. “त्यानं आणली.”

कुंदाने काटकी टाकली आणि दुसरी घेतली.

शेलारांची बायको चहाचे पेले घेऊन आली. माझ्या हातात एक दिला, दुसरा घेऊन ती गाडीकडे गेली. “घे गं पोरी. किती दमलीस.”

“नको, काकी. हरतालिका आहे ना आज.”

“अगं बाई! कडकडीत उपास धरून चालवलीस व्हय? पाणीसुदीक न्हाई?”

“न्हाई,” कुंदा त्यांच्यासारखेच म्हणाली आणि हसली.

माझ्याच मुलासाठी धरलेला तो उपास माझ्या ध्यानात नव्हता. मी पेला खाली ठेवला. चहा तसाच गार झाला.

उतरताना पाऊस थांबला होता. माझी मांडी आता रिकामी होती, आणि रिकाम्या मांडीवर हात कसे ठेवावेत ते मला सुचत नव्हते. कातळवळण जवळ आले तेव्हा मी कोणी न सांगताच पुढे वाकून ती मूठ धरली.

“आता नको, आई,” कुंदा म्हणाली. “उतारावर नाही लागत.”

मी हात मागे घेतला. पुढे घर येईपर्यंत आम्ही दोघी पावसापाण्याबद्दल बोललो.

अनंत चतुर्दशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी, कोणाला न सांगता, चालत हमरस्त्यावर गेले. अब्बासभाई कुठल्याशा ट्रकखाली आडवे होते. मला पाहून घाईने बाहेर आले आणि ऑइलचा डबा पालथा घालू लागले. या वेळी मी त्यांची वाट न पाहता त्यावर बसले.

“तुम्ही माझा शब्द मोडलात,” मी म्हणाले. “कुंदाला सांगितलंत.”

“सांगितलं, वहिनी.” त्यांनी मान खाली घातली नाही. “त्या गाडीत तुम्ही दोघी बसणार होतात. दोस्ताला वर जाऊन काय तोंड दाखवलं असतं?”

मी समोर पाहत राहिले. भिंतीला टेकून एक डिफरन्शियल ठेवलेले होते, पुसलेले, तेल लावलेले, नवी गोणी अंथरून त्यावर. कोणाचे म्हणून मी विचारले नाही. त्याच्याशेजारी त्याचा दांडा उभा होता, वर काळा गोल गोळा असलेला.

“चकत्यांचं काढून टाका,” मी म्हणाले. “हे बसवा. आणि दांडा कुंदाच्या हाताशी येईल असा बसवा.”

अब्बासभाई गोंधळले. पान्याने डोके खाजवत म्हणाले, “वहिनी, दांडा चालवणाऱ्याच्याच हाताशी असतो. दुसरीकडे बसतच नाही तो.”

“ठाऊक आहे मला,” मी म्हणाले. “मागच्या वेळीही ठाऊक होतं.”